उद्याची ड्युटी आज रात्री कळते? रोटा (ड्युटीचं वेळापत्रक) आधी आणि लेखी कसा मिळवायचा

शोरूम, सुपरमार्केट, हॉटेल, मेडिकल, कुरिअरचं गोडाऊन, कुठंही शिफ्टवर काम करत असाल आणि उद्या किती वाजता यायचं हे आदल्या रात्री साडेदहा-अकराला व्हॉट्सॲप ग्रुपवर कळत असेल तर हे तुमच्यासाठी लिहितोय. आपल्या कोल्हापुरात राजारामपुरी असो, महाद्वार रोड असो, गांधीनगर असो नाहीतर हायवेवरची हॉटेलं, सगळीकडं हीच तऱ्हा आहे. पगार किती यावर सगळे बोलतात पण वेळ कधीची यावर कोण बोलत नाही, आणि घरात सगळी ओढाताण तर वेळेमुळंच होते. आईला दवाखान्यात कधी न्यायचं, पोराला शाळेतून कोण आणणार, विद्यापीठाची परीक्षा देणाऱ्यानं अभ्यास कधी करायचा, कागलहून नाहीतर परितेहून येणाऱ्या बाईनं कुठली एसटी पकडायची, हे सगळं मॅनेजरच्या एका मेसेजवर लटकलेलं. जे तासावर काम करतात त्यांचं तर अजून वाईट, एका आठवड्याला ४५ तास आणि पुढच्या आठवड्याला २५, पण गाडीचा हप्ता, बचत गटाचा हप्ता, घरभाडं हे काय तासांप्रमाणं कमी होत नाही.

म्हणून खाली जे जे करता येतं ते सांगतोय. कायदा किती साथ देतो आणि कुठं साथ देत नाही हे पण स्पष्ट सांगतो, अर्धवट माहिती घेऊन भांडायला गेलं की पहिल्याच मिनिटाला आपण हरतो.

आधी बाहेर काय नियम आहेत ते बघा

हे बघायचं कारण असं की मागायचं नक्की काय हे त्यातून कळतं. अमेरिकेत गेल्या दहा-बारा वर्षांत काही शहरांनी फक्त याच विषयावर कायदे केलेत. सुरुवात सॅन फ्रान्सिस्कोनं केली, २०१४ मध्ये कायदा मंजूर झाला आणि २०१५ पासून अंमल सुरू, मोठ्या चेन दुकानांनी कामगाराला दोन आठवडे आधी वेळापत्रक द्यायचं, आणि ऐनवेळी बदललं तर त्याचे जादा पैसे द्यायचे. मग सिॲटल जुलै २०१७, न्यूयॉर्क नोव्हेंबर २०१७, शिकागो आणि फिलाडेल्फिया २०२०, लॉस एंजेलिस एप्रिल २०२३. ओरेगॉन तर अख्खं राज्य, तिथं जुलै २०१८ पासून ७ दिवस आधी आणि जुलै २०२० पासून १४ दिवस आधी.

हे सगळ्या दुकानांना नाही हं. सिॲटल आणि ओरेगॉनमध्ये जगभरात मिळून ५०० च्या वर माणसं असलेल्या दुकानांना आणि खाण्याच्या धंद्यांना, लॉस एंजेलिसमध्ये ३०० च्या वर माणसं असलेल्या दुकानांना. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला कुणी त्रास दिलेला नाही.

सगळ्यांचा गाभा मात्र जवळपास सारखाच. नोकरीला घेतानाच साधारण किती तास आणि कुठले दिवस मिळतील याचा लेखी अंदाज द्यायचा. दोन आठवडे आधी रोटा लावायचा. नंतर बदल केला तर भरपाई, आणि ही भरपाई कधी लागू आहे ते नीट समजून घ्या, मालकानं बदललं तर, आपण दोघांनी आपसात शिफ्ट बदलून घेतली तर नाही. न्यूयॉर्कमध्ये फास्ट फूडवाल्यांनी ऐनवेळी बदल केला तर दर बदलाला १० ते ७५ डॉलर द्यावे लागतात, सगळ्यात जास्त कधी, तर चोवीस तासांच्या आत शिफ्ट कापली तर. तिथंच रात्री दुकान बंद करणाऱ्याला सकाळी परत उघडायला बोलवायचं असेल आणि मधे ११ तास जात नसतील तर त्याची लेखी संमती पाहिजे आणि वर १०० डॉलर. सिॲटलला हे अंतर १० तासांचं, त्याच्या आत बोलावलं तर त्या तासांना दीडपट. "येऊ नको म्हणून सांगेपर्यंत तयार रहा" ही जी ऑन-कॉल ड्युटी असते ना, न्यूयॉर्कच्या दुकानांत तीच बंद केलीय, आणि तिथल्या दुकानांना रोटा निदान ७२ तास आधी द्यावा लागतो.

म्हणजे मागणी चार गोष्टींची: आधी कळणं, लेखी कळणं, बदलला तर मोबदला, आणि दोन शिफ्टमधे झोपेपुरतं अंतर. ह्या चार गोष्टी डोक्यात ठेवा.

आपल्याकडं काय आहे

१४ दिवसांचा नियम आपल्याकडं नाही. मॅनेजरसमोर "कायद्यात १४ दिवस आहेत" असं म्हणू नका. पण तुकड्या-तुकड्यानं बरंच काही आहे आणि आपली पोरं ते वापरतच नाहीत याचं मला खरंच वाईट वाटतं.

दुकान, हॉटेल, ऑफिस, मॉल यांना महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा २०१७ लागतो, डिसेंबर २०१७ पासून. त्यातली सगळ्यात कामाची आणि सगळ्यात कमी लोकांना माहीत असलेली गोष्ट म्हणजे आठवड्यातल्या कामाच्या वेळा आणि तास हे कामगारांना लेखी कळवायचे असतात. लेखी! म्हणजे "रोटा कागदावर द्या" ही काय मेहरबानीची मागणी नाही. बाकी मग आठवड्याला ४८ तासांची मर्यादा, सलग २४ तासांची साप्ताहिक सुट्टी, सुट्टी बुडवली तर दोन महिन्यांच्या आत बदली सुट्टी, सुट्टीच्या दिवशी कामाला बोलावलं तर दुप्पट पगार, जादा तासांना दुप्पट दर. शिवाय वर्षाला ८ पगारी सणाच्या सुट्ट्या, त्यातल्या ४ ठरलेल्या आहेत, २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, आणि उरलेल्या ४ मालक आणि कामगारांनी मिळून वर्ष सुरू व्हायच्या आधी ठरवायच्या. आमच्या ओळखीतल्या किती दुकानांत हे बसून ठरवतात? मला एक पण माहीत नाही.

रोजच्या तासांचं थोडं जपून बोला. मूळ कायद्यात दिवसाला ९ तास, सलग ५ तासांनंतर अर्धा तास सुट्टी, आणि आल्यापासून जाईपर्यंत सगळं मिळून साडेदहा तास असं होतं, आणि १० किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी ते लागू होतं. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं हे वाढवायचा निर्णय घेतला, दिवसाला १० तास आणि २० किंवा जास्त माणसांच्या ठिकाणी लागू, जादा कामाची तीन महिन्यांची मर्यादा १२५ वरून १४४ तास. म्हणून जुनी पीडीएफ घेऊन भांडायला जाऊ नका, अर्ज करायच्या आधी कामगार आयुक्त कार्यालयात जाऊन चालू आकडा विचारून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे.

आता हॉटेलातल्या पोरांसाठी एक. ती ब्रेक ड्युटी असते ना, सकाळी ११ ते ३ आणि परत संध्याकाळी ७ ते १२, मधे चार तास "सुट्टी" पण घर लांब असल्यानं तिथंच पोत्यावर पडून राहायचं. तास मोजले तर ९ भरतात, मालक म्हणतो बरोबर आहे की. पण आल्यापासून जाईपर्यंतचा वेळ १३ तास होतो, आणि कायद्यात त्याची वेगळी मर्यादा आहे, तातडीच्या किंवा अधूनमधून चालणाऱ्या कामाला सुद्धा १२ तासांच्या वर नाही. नुसते कामाचे तास मोजू नका, आलो कधी आणि सुटलो कधी ते मोजा.

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथं फौंड्रीत नाहीतर मशीन शॉपला असाल तर तुमच्याकडं उलट जुनी आणि भक्कम परंपरा आहे. १९४८ च्या कारखाने कायद्यापासून कामाच्या वेळांचा तक्ता कारखान्यात लावायचा आणि त्या तक्त्याबाहेर काम घ्यायचं नाही असा नियम होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राचे नवे कामगार कायदे म्हणजे चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि तो कायदा त्यात गेला, पण कामाच्या वेळांची नोटीस लावायची अट सुरक्षेच्या संहितेत कायम आहे. आणि कामाचे तास, मधली सुट्टी, शिफ्टची पद्धत कायमची बदलायची असेल तर कामगारांना २१ दिवसांची नोटीस द्यावी लागते, हे १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात पण होतं आणि आताच्या औद्योगिक संबंध संहितेत पण आहे. रोजच्या अदलाबदलीला हे लागत नाही, पण "एक तारखेपासून सगळे बारा तासांच्या शिफ्टला" असा फतवा निघाला की हा २१ दिवसांचा मुद्दा लगेच लेखी टाकायचा.

पहिलं काम: वही

कुणाशी बोलायच्या आधी दोन महिने नोंद ठेवा. साधी शंभर पानी वही घ्या, मोबाईलवर ठेवली तरी चालेल पण मोबाईल हरवतो, फुटतो, वही बरी. रोज पाच गोष्टी लिहायच्या: रोटा कधी कळला (तारीख आणि वेळ), कितीची ड्युटी सांगितली, प्रत्यक्षात आलो कधी, सुटलो कधी, आणि मधे कुणी काय बदललं. शेवटचं सविस्तर लिहा, "सुपरवायझरनं ४ वाजता फोन करून सांगितलं उद्या ऑफ कॅन्सल" असं. नंतर आठवून लिहिलेलं आणि त्याच दिवशी लिहिलेलं यातला फरक वाचणाऱ्याला कळतो.

ग्रुपवरच्या रोट्याचे स्क्रीनशॉट त्याच रात्री काढायचे. ग्रुपवर मेसेज आपोआप गायब होण्याची सेटिंग चालू आहे का बघा, बऱ्याच ठिकाणी असते, आणि ॲडमिन मेसेज डिलीट पण करतो. महिन्यातनं एकदा चॅट एक्स्पोर्ट करून स्वतःच्या मेलवर टाकून ठेवा. थंब मशीन असेल तर तिथल्या वेळेचा फोटो मिळतोय का बघा, नसेल तर निदान वहीत. तोंडी फोन आला की लगेच मेसेज टाकायचा, "सर आत्ता फोनवर सांगितल्याप्रमाणे उद्या माझी सुट्टी रद्द आहे आणि ११ ला यायचं आहे, बरोबर ना?" समोरून नुसता अंगठा आला तरी पुरावा झाला.

पगाराची स्लिप मागून घ्या, वेतन संहितेत ती द्यायची सक्ती आहे. ओळखपत्र पण द्यायचं असतं. राहिलेल्या पगाराचा दावा आता तीन वर्षांपर्यंत करता येतो, म्हणून वही भरली की टाकून देऊ नका.

दुसरं काम: हिशोब

दोन महिन्यांनी बसा आणि आकडे काढा. किती वेळा रोटा २४ तासांच्या आत कळला, किती साप्ताहिक सुट्ट्या बुडल्या आणि त्यातल्या किती परत मिळाल्या, ४८ च्या वर किती तास गेले. जादा तासाचा हिशोब असा, समजा पगार १५,६०० रुपये आणि २६ दिवस, तर रोज ६०० रुपये, ८ तासांची ड्युटी धरली तर तासाला ७५, जादा तासाला दुप्पट म्हणजे १५०. महिन्यात १२ तास जादा झाले तर १,८०० रुपये. हा आकडा डोळ्यांसमोर आला की घरातली माणसं पण तुमच्या बाजूनं बोलायला लागतात, नाहीतर "नोकरी आहे तर गप कर की" हेच ऐकायला मिळतं.

आणि झोपेचा हिशोब पण काढा, हा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. रात्री साडेदहाला शटर ओढलं, कॅश मोजून ११ ला सुटला, कागलला पोचेपर्यंत पावणेबारा, सकाळी साडेसातला परत दुकान उघडायचं म्हणजे पावणेसातला घर सोडायचं. घरात सात तास, त्यात जेवण, आंघोळ, झोप सगळं. अशा माणसानं हायवेवरून टू-व्हीलर चालवायची. आपल्या दुकान कायद्यात दोन शिफ्टमधल्या अंतराचा वेगळा आकडा दिलेला नाही, पण मागणीत ११ तास लिहा.

तिसरं काम: तक्ता आपण करून न्यायचा

नुसती तक्रार घेऊन गेला तर मॅनेजर म्हणणार "मग मी काय करू, वरनंच असं येतंय." म्हणून दोन आठवड्यांचा रोटा आपणच करून न्यायचा. चौघं-पाचजण बसा, चहाच्या गाड्यावर बसला तरी चालतंय, आणि प्रत्येकाची अडचण आधी लिहून काढा. कुणाला रविवार पाहिजे, कुणाला गुरुवार पाहिजे कारण त्या दिवशी गावाकडं बाजार असतो, कुणाचं कॉलेज सकाळचं, कुणाला संध्याकाळी सातच्या आत निघायलाच पाहिजे. तुम्हाला आश्चर्य वाटेल पण बहुतेक वेळा सगळ्यांच्या अडचणी एकमेकांत बसतात, कारण रविवार प्रत्येकालाच पाहिजे असतो असं नाही.

"गिऱ्हाईक कधी येणार हे आधी कसं सांगता येईल" हा मालकाचा नेहमीचा मुद्दा. पण कोल्हापुरात गर्दी कधी होते हे आपल्याला माहीत नाही का? नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला बाहेरगावची माणसं येतात, महाद्वार रोडला पाय ठेवायला जागा नसते. चैत्रात जोतिबाची यात्रा. दिवाळीच्या आधीचे दोन शनिवार-रविवार. मे महिन्यात लग्नसराई, कारखान्याचं ऊस बिल जमा झालं की गावाकडची खरेदी, पगाराचा पहिला आठवडा. जुलै-ऑगस्टला पंचगंगेला पाणी चढलं की उलटं, गिऱ्हाईक नाही आणि अर्धा स्टाफ गावातनं निघू शकत नाही. पूर कधी येणार ते सांगता येत नाही, पण बाकीचं सगळं कॅलेंडरवर आहे. म्हणून त्या तक्त्यावर वर्षातले गर्दीचे आठवडे लाल पेननं खूण करून न्या आणि सांगा, ह्या आठवड्यांत आम्ही जादा यायला तयार आहे, पण त्याचा रोटा महिनाभर आधी द्या आणि जादा तास दुप्पट दरानं लावा.

मालक शिकलेला असेल, आकड्यात बोलणारा असेल तर त्याला गॅप कंपनीचा प्रयोग सांगा. कपड्यांची ती मोठी अमेरिकन कंपनी, तिच्या सॅन फ्रान्सिस्को आणि शिकागोमधल्या काही दुकानांत संशोधकांनी शिफ्टच्या वेळा जरा स्थिर करून बघितल्या, २०१८ मध्ये निष्कर्ष आले, जिथं स्थिर वेळा दिल्या तिथं विक्री ७ टक्क्यांनी वाढली आणि कामगारामागची उत्पादकता ५ टक्क्यांनी. ह्याचं कारण कुठल्याही जुन्या सेल्समनला विचारा, तो सांगेल, रोज तोच माणूस त्याच काउंटरला असला की त्याला माल माहीत असतो आणि गिऱ्हाईक पण त्याचं नाव विचारत येतं.

घरचं दुकान असेल, शेठ गल्ल्यावर बसत असतील तर कायद्यानं सुरुवात करू नका. मोठ्या माणसाला एकट्यात, दुपारच्या निवांत वेळेला, "शेठ, पंधरा दिवसाचा तक्ता लावला तर आमच्या दांड्या कमी होतील" असं सांगा, आणि ते खरंच आहे, अचानक दांडी पडते ती बहुतेक अचानक ड्युटी लागल्यामुळंच. दहा-वीसपेक्षा कमी माणसांच्या दुकानात तासांचे नियम बरेचसे लागत नाहीत, तिथं हीच वाट, पण किमान वेतनाचा कायदा छोट्या दुकानाला पण लागतो हे लक्षात असू द्या.

चौथं काम: अर्ज

बोलून दोन आठवडे झाले आणि काही हललं नाही तर अर्ज. भाषा साधी ठेवा, रागाचं एक वाक्य नको. असा लिहिता येईल:

"मा. व्यवस्थापक यांस,
विषय: कामाच्या वेळा आगाऊ व लेखी मिळण्याबाबत.
आम्ही खाली सह्या करणारे कर्मचारी आपल्या आस्थापनेत काम करतो. सध्या कामाच्या वेळा आदल्या रात्री कळतात व त्यामुळे आमची व कामाचीही गैरसोय होते. तरी विनंती आहे की (१) दर दोन आठवड्यांचे वेळापत्रक किमान १४ दिवस आधी सूचना फलकावर लावावे, (२) त्यात बदल करायचा झाल्यास संबंधित कर्मचाऱ्याला विचारून व लेखी कळवून करावा, (३) रात्री बंदची ड्युटी व सकाळी उघडण्याची ड्युटी यात ११ तासांचे अंतर असावे, (४) बुडालेल्या साप्ताहिक सुट्टीची बदली सुट्टी दोन महिन्यांत द्यावी. कामाच्या वेळा लेखी कळवणे, साप्ताहिक सुट्टी व जादा कामाचा दुप्पट मोबदला याबाबत दुकाने व आस्थापना कायदा २०१७ मध्ये तरतूद आहे. सोबत आम्ही तयार केलेले नमुना वेळापत्रक जोडले आहे."

यातले १४ दिवस आणि ११ तास ही विनंती आहे, बाकीचं कायद्यात आहे, म्हणून कायद्याचं वाक्य शेवटी वेगळं ठेवलंय, ते तसंच ठेवा. सह्या गोलात घ्या, म्हणजे पहिली सही कुणाची हे कळत नाही. दोन प्रती, एकीवर पोच घ्यायची, तारीख आणि शिक्का. पोच देत नाहीत तर स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती वहीत चिकटवा. एकट्यानं अर्ज देऊ नका, हे परत परत सांगतो, एकट्याला काढून टाकणं सोपं असतं, आठ जणांना एकदम काढून दिवाळीच्या तोंडावर दुकान चालवता येत नाही.

कामावर बोलावून परत पाठवलं तर

हे तासावरच्या आणि रोजंदारीच्या माणसाचं सगळ्यात मोठं दुखणं. गाडीभाडं घालून आला आणि "आज माल नाही, जा" नाहीतर तीन तासांनी "गर्दी नाही, सुट्टी घे."

ज्याचं किमान वेतन दिवसाच्या दरानं ठरलेलं आहे तो कामावर आला आणि मालकानं काम दिलं नाही म्हणून तास कमी भरले, तर त्याला पूर्ण दिवसाचं वेतन मिळायला पाहिजे. तो स्वतःच्या मर्जीनं निघून गेला असेल तरच नाही. हे १९४८ च्या किमान वेतन कायद्यात होतं, आता वेतन संहितेत आहे. म्हणून परत पाठवलं की गप निघून यायचं नाही, तिथल्या तिथं मेसेज, "मी ९ ला हजर होतो, काम नाही म्हणून १२ ला जायला सांगितलं." पुढं मागं "तोच निघून गेला" असं म्हणायला जागा ठेवायची नाही.

फौंड्रीवाल्यांना अजून एक. हजेरीपटावर नाव आहे, ठरलेल्या वेळेला हजर आहात आणि दोन तासांत काम दिलं नाही तर तो दिवस ले-ऑफ, म्हणजे मालकानं काम न देता बसवलेला दिवस, धरला जातो. लाईट नाही, कच्चा माल नाही, मशीन बंद, कारण काहीही असो. ५० किंवा जास्त कामगारांचा कारखाना आणि तुमची सलग एक वर्षाची सेवा असेल तर बेसिक आणि महागाई भत्त्याच्या ५० टक्के भरपाई मिळते. बदली (दुसऱ्याच्या जागी येणाऱ्या) आणि कॅज्युअल कामगाराला हे मिळत नाही, म्हणून आपलं नाव हजेरीपटावर कुठल्या प्रकारात लिहिलंय ते आजच बघून या. काँट्रॅक्टरकडून असाल तर हजेरी काँट्रॅक्टरच्या रजिस्टरला असते, तिचा पण फोटो.

बायकांच्या ड्युटीबद्दल

सेलच्या दिवसांत रात्री साडेदहा-अकरापर्यंत मुलींना थांबवतात आणि घरी जायचं ज्याचं त्यानं बघायचं. दुकाने कायद्यात रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत बाईला काम द्यायचं तर तिची संमती पाहिजे, सुरक्षेची सोय पाहिजे आणि दुकानापासून घराच्या दारापर्यंत गाडीची सोय मालकानं करायची. रिक्षाचे पैसे हातावर टेकवणं म्हणजे सोय नव्हे. संमती देताना कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत हे लिहूनच द्या, "सेलच्या ८ दिवसांपुरती" असं. कोऱ्या फॉर्मवर सही करू नका ताई, नोकरीला लागताना दहा कागदांवर सह्या घेतात त्यात हा पण असतो.

तरी ऐकलं नाही तर

सहायक कामगार आयुक्त कार्यालयात जायचं, तिथं दुकाने कायद्याचे अधिकारी असतात, आताच्या कायद्यात त्यांना फॅसिलिटेटर म्हणतात, पूर्वीचे दुकाने निरीक्षक. जाताना वहीची झेरॉक्स, स्क्रीनशॉटच्या प्रिंट, पगाराच्या स्लिपा, अर्जाची पोच आणि एका पानावर काढलेला हिशोब. पहिलं पान तोच हिशोब ठेवा, साहेबाला पन्नास पानं वाचायला वेळ नसतो. तक्रार देऊन आवक नंबर घेतल्याशिवाय बाहेर पडायचं नाही. तक्रारीत सगळं एकदम कोंबू नका, सिद्ध करता येतं ते आधी: लेखी वेळा दिल्या नाहीत, अमुक इतक्या सुट्ट्या बुडल्या, अमुक तासांचे दुप्पट पैसे दिले नाहीत. मॅनेजर उद्धट बोलतो हे खरं असलं तरी त्या कागदावर नको.

वकील लागला तर कसबा बावड्याला जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे, बायकांना, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसांना आणि औद्योगिक कामगारांना तिथं मोफत वकील मिळतो, उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्या बाकीच्यांना पण. १५१०० हा त्यांचा देशभराचा फोन नंबर. आपल्या कोल्हापुरात कामगार संघटना जुन्या आहेत, लाल बावटा माहीत नाही असा माणूस नाही, फक्त शोरूम आणि मॉलची पोरं तिकडं फिरकत नाहीत, संघटना म्हणजे फक्त मिलवाल्यांची असं त्यांना वाटतं. जाऊन तरी या एकदा.

तुमचं कोण अमेरिकेत असेल तर

मुलगी, भाचा, जाऊबाईंची सून कुणीतरी तिकडं दुकानात नाहीतर फास्ट फूडमध्ये तासावर कामाला असतंय. त्यांना सांगा की आधी शहर बघा, कारण हा कायदा देशभर नाही, टेक्सासला तुम्हाला असलं काही मिळणार नाही आणि न्यूयॉर्कला मिळेल. मग कंपनी केवढी ते बघा. नोकरीला लागताना लेखी अंदाज मागून घ्या, दोन आठवड्यांचा रोटा फोटो काढून ठेवा आणि पगाराच्या स्लिपवर बदलाचे जादा पैसे वेगळे दाखवलेत का ते तपासा. न्यूयॉर्कला ३११ वर फोन करून ग्राहक आणि कामगार संरक्षण खात्याकडं तक्रार करता येते, सिॲटलला शहराचं कामगार मानक कार्यालय आहे, ओरेगॉनला राज्याचं कामगार आणि उद्योग खातं. न्यूयॉर्कच्या कायद्यात कामगार कुठल्या देशाचा आणि कुठल्या कागदांवर राहतो यानं हक्क बदलत नाही, पण व्हिसावर काम करायची परवानगीच नसेल तर तक्रारीच्या आधी तिथल्या वकिलाला विचारून घ्यावं.